मुलीला आधी आवाज, मुलाला आधी माघार

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी 19 वर्षांची, बडोद्यात सयाजीगंजातल्या क्लासवरून रात्री साडेनऊला ॲक्टिवावर वाडी भागातल्या घरी येते. मुलगा 17 वर्षांचा. गेल्या नवरात्रात गरब्याच्या पार्किंगमध्ये गाडीला गाडी घासली, बाचाबाची झाली, मित्रांनी त्याला मागून धरलं आणि तेवढ्यात समोरच्यानं त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडलं. आता मे महिन्याच्या सुट्टीत दोघांना महिनाभर कुठेतरी शिकायला पाठवायचंय. कराटे बरं, ज्युडो बरं की क्राव मागा, म्हणजे इस्रायली लष्करातली स्वसंरक्षणाची पद्धत? आणि महिन्याभरात खरोखर उपयोगी पडेल असं काही शिकता येतं का?

मी बडोद्यात 28 वर्षं मुलामुलींना स्वसंरक्षण शिकवते आहे, त्याआधी दहा वर्षं ज्युडो खेळले. त्या अनुभवावरून सांगते: महिन्याभरात बरंच शिकता येतं. मात्र एकाच घरातल्या या दोघांचा पहिला धडा एक ठेवू नका. तुमच्या मुलीला सगळ्यात आधी ओरडायला शिकायचंय आणि तुमच्या मुलाला मागे सरायला. हातपाय चालवणं दोघांनाही नंतर शिकवता येतं आणि ते त्या मानानं सोपं आहे.

असं का म्हणते, त्यासाठी माझीच गोष्ट सांगते. मी 22 वर्षांची होते आणि राज्य पातळीवर ज्युडो खेळत होते. एका संध्याकाळी बडोदा स्टेशनच्या पुलावर गर्दीत एका माणसानं मागून येऊन मला घट्ट पकडलं. चटईवर मी असल्या पकडीतून शेकडो वेळा सुटले होते. त्या दिवशी पहिले दोन-तीन क्षण मी नुसती उभी राहिले. मग सवयीनं वळून त्याची कॉलर धरली, तर पातळ टेरिकॉटचा शर्ट बटणांसकट माझ्या हातात फाटून आला. ज्युडोचा जाड डगला धरायची सवय झालेल्या हाताला शर्ट कसा फाटतो हे माहीतच नव्हतं. तो माणूस गर्दीत पळाला. आजूबाजूला पन्नास तरी माणसं होती आणि माझ्या तोंडून साधं ‘अरे’सुद्धा निघालं नव्हतं. घरी आल्यावर मला शर्टाचं काही वाटलं नाही, आवाज का निघाला नाही याचंच वाटत राहिलं.

त्यानंतर मी शिकवायला लागले तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक मुलीचं हेच होतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एका रांगेत उभं करते आणि म्हणते, समोरच्या भिंतीवर जोरात ओरडा. चौदा-पंधरा मुलींमधल्या दोघी-तिघी ओरडतात, बाकीच्या तोंडावर हात ठेवून हसतात. त्या हसतात त्याला कारण आहे. लहानपणापासून त्यांना ‘हळू बोल, लोक बघताहेत’ हेच ऐकायला मिळालेलं असतं. आपल्या मराठी घरांत तर फारच. घशावर बसलेला हा संकोच एका तासात जात नाही. त्याला आठ-दहा दिवस लागतात आणि ते दिवस मी खुशाल देते.

ओरडायचं काय, तेही ठरवून ठेवावं लागतं. घाबरल्यावर माणसाला वाक्यं सुचत नाहीत. आमच्या वर्गात तीन आवाज आहेत आणि तिन्ही गुजरातीत. आपल्या मुलींच्या तोंडून मराठीत ‘आई गं’ निघतं, आणि त्यावर बडोद्याच्या रस्त्यावर कुणी वळून बघत नाही. पहिला आवाज त्या माणसासाठी: ‘आघा खसो!’, म्हणजे लांब व्हा. हा लांबूनच, तो दोन हातांच्या अंतरावर असतानाच. दुसरा लोकांसाठी: ‘हुं आ माणसने ओळखती नथी!’, म्हणजे मी या माणसाला ओळखत नाही. हा फार महत्त्वाचा. लोक मध्ये पडत नाहीत त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांना वाटतं, नवरा-बायकोचं किंवा घरचं भांडण असेल. तो परका आहे हे कळलं की माणसं हलतात. तिसरा एकाच माणसाकडे बोट दाखवून: ‘ओ काका, ब्लू शर्टवाळा, पोलीसने फोन करो!’ सगळ्यांना मिळून हाक मारली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी करेल. निळ्या शर्टवाल्याला हाक गेली की ती त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते.

आता एक गोष्ट अशी, की आईबापांना ती ऐकायला आवडत नाही, तरी सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांमध्ये वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून जास्त आरोपी त्या मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचे असतात. म्हणजे आपण ज्या अंधाऱ्या गल्लीची भीती बाळगतो तिच्यापेक्षा दिवाणखाना, शिकवणीची खोली, लग्नघराची गच्ची या जागांचा विचार जास्त करायला हवा. तिथे मनगट सोडवण्याची युक्ती माहीत असूनही वापरली जात नाही, कारण समोर ‘काका’ असतात, ‘सर’ असतात. म्हणून वर्गात आम्ही बसल्या जागेवरचा सरावही घेतो. सोफ्यावर शेजारी बसलेल्यानं खांद्यावर हात ठेवला. मुलीनं उठायचं, त्याच्याकडे वळायचं आणि नेहमीच्याच आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘काका, हात काढा.’ हसायचं नाही, ‘प्लीज’ म्हणायचं नाही, कारण सांगायचं नाही. बघायला सोपं वाटतं. राज्य पातळीच्या खेळाडू मुलींना मी या सरावात अडखळताना पाहिलंय.

मुलाचं नेमकं उलटं आहे. त्याला आवाज शिकवावा लागत नाही, तो फार लवकर चढतो. त्याला अडचण असते ती चार मित्रांसमोर मागे पाऊल घेण्याची.

मुलांच्या तुकडीत माझा सराव असा असतो. एक मुलगा तोंडाला येईल ते बोलत अंगावर चालून येतो, अगदी आईवरूनही बोलतो, आणि दुसऱ्यानं दोन्ही तळहात उघडे ठेवून, छातीच्या उंचीवर, त्याच्याकडे धरून अर्धं-अर्धं पाऊल मागे जात राहायचं. तोंडानं एवढंच: ‘भाई, जवा दो. भूल मारी.’ म्हणजे, जाऊ द्या, चूक माझी. चूक कुणाची हे त्या क्षणी ठरवायचं नसतं. हात असे धरण्यात दोन फायदे आहेत. बघणाऱ्याला आणि पुढे पोलिसांना सीसीटीव्हीतही दिसतं की हा मुलगा थांबवत होता. आणि ठोसा आलाच तर हात आधीच मधल्या रेषेत असतात, खिशातून किंवा कमरेवरून वर आणण्यात जाणारा वेळ वाचतो. हात छातीवर घडी घालून किंवा कमरेवर ठेवून भांडणारा मुलगा पहिला फटका हमखास खातो.

अंतराचंही सांगते. 1983 मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी मोजून दाखवलं की साधा धडधाकट माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, दीड सेकंदात ओलांडतो. आपले लोक एकमेकांच्या नाकाला नाक लावून भांडतात. तेवढ्या जवळून आलेला ठोसा डोळ्यांनी बघून अडवता येत नाही, मग तुम्ही कितीही पट्टे मिळवलेले असोत. म्हणून समोरच्याचा हात पोहोचणार नाही एवढं अंतर कायम ठेवायचं, आणि मध्ये गाडी, हातगाडी, बाकडं काहीतरी आणायचं. दोघांमध्ये उभी असलेली ॲक्टिवा चांगली ढाल आहे. दुचाकीवरचं भांडण असेल तर हेल्मेट काढायचं नाही. मुलं आधी हेल्मेट काढून हँडलला अडकवतात आणि मग बोलायला जातात, ते चुकीचं आहे.

तुमच्या मुलाच्या मित्रांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. त्यांनी चांगल्या मनानं केलं, तरी नाक मोडायला ते कारण झाले. भांडणात आपल्या मित्राला मागून दंडांना धरलं की त्याचे दोन्ही हात बांधले जातात आणि तोंड उघडं पडतं. समोरच्याला फुकटचा ठोसा मिळतो. मित्राला सोडवायचं तर मध्ये शिरायचं, पाठ समोरच्याकडे न करता तिरकं उभं राहायचं आणि आपल्या मित्राला छातीवर तळहात ठेवून मागे न्यायचं. हात मोकळे राहिले पाहिजेत. हे मी प्रत्येक नवरात्राआधी कॉलनीतल्या पोरांना दाखवते. त्यातल्या काहींनी पुढे येऊन सांगितलं की ताई, कामाला आलं. मला कुठल्याही पदकापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

आता हातपाय चालवण्याकडे येते. महिन्याभराच्या वर्गात मी पाच-सहा गोष्टींपलीकडे जात नाही. भीतीनं शरीरात एड्रेनालिन उसळलं की बोटांची बारीक कामं जमत नाहीत, नजर आक्रसते, ऐकू कमी येतं. कुलपाला किल्ली लागत नाही ती याचमुळे. चाळीस डाव शिकलेला माणूस त्या क्षणी कुठला काढू यातच अडकतो. चार डाव हजार वेळा केलेल्याचं शरीर आपोआप हलतं.

पहिलं, मनगटाची सुटका. कुणी मनगट धरलं की मुली हात सरळ मागे ओढतात. तेव्हा त्यांचा हात समोरच्याच्या अख्ख्या ताकदीशी झुंजतो आणि हरतो. पकडीत एकच फट असते, अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात ती. आपलं मनगट चपटं असतं, त्याची एक कड अरुंद असते. ती अरुंद कड त्या फटीसमोर येईल असा हात फिरवायचा. मग हात न ओढता आपलं कोपर त्याच्या कोपराकडे न्यायचं, त्याच वेळी एक पाऊल त्याच्याकडेच टाकायचं आणि हात आपल्या खांद्याकडे झटक्यात आणायचा. जवळ जायचं हे मनाला पटत नाही, पण जवळ गेल्यावरच तरफ लागते. दोन्ही हातांनी धरलं असेल तर आपल्याच धरलेल्या हाताची मूठ दुसऱ्या हातानं पकडून वर उपसायची. हात सुटला की काम संपलं असं बहुतेक वर्ग शिकवतात, तिथे मी थांबवते. सुटल्यावर आमच्या वर्गात मुलीला दरवाज्यापर्यंत धावत जाऊन दाराला हात लावून यावं लागतं, प्रत्येक वेळी. नाहीतर सराव असा पक्का होतो की मनगट सोडवलं आणि तिथेच उभी राहिली.

दुसरं, तळहाताचा फटका. बंद मुठीनं मारू नका, मुलालाही हे सांगा. कवटी कडक असते. सराव नसलेल्या माणसानं मुठीनं डोक्यावर मारलं की करंगळीच्या मागचं हाताचं हाड मोडतं. शिवाय समोरच्याचा दात बोटाच्या सांध्यात घुसला तर एक-दोन दिवसांत हात सुजून पू होतो. असली जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. आपल्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, ज्याला सगळं गाव माणिकरावांचा आखाडा म्हणतं. प्रोफेसर माणिकराव कसरतीइतकेच हाडं बसवण्यासाठी नावाजलेले होते. जो आखाडा मारायला शिकवतो त्यालाच हाडं जोडायलाही यावी लागतात, याचं मला लहानपणापासून फार कौतुक वाटत आलंय. तर फटका तळहाताच्या मनगटाजवळच्या गादीनं, बोटं मागे ओढून, खालून वर नाक किंवा हनुवटीवर. ताकद खांद्यातून येत नाही. मागची टाच उचलून कंबर फिरते तिथून येते. घरी सरावाला गादी उभी करून कुणीतरी मागून धरावी. आवाज ‘थप’ असा भरीव आला पाहिजे, ‘चट्ट’ आला तर फक्त हात चाललाय, अंग मागेच राहिलंय. फटक्यासोबत ओरडायचं, म्हणजे श्वास कोंडत नाही.

तिसरं, गळा. हे जीवघेणं आहे, म्हणून यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आतसुद्धा शुद्ध जाऊ शकते. म्हणजे विचार करायला वेळ नाही. समोरून दोन्ही हातांनी गळा धरला की हनुवटी खाली, खांदे वर, लगेच. मग एक हात सरळ वर, दंड कानाला चिकटेल असा, आणि अख्खं अंग त्या हाताच्या विरुद्ध बाजूला वळवायचं, पाठमोरं होईल इतकं. आपला खांदा त्याच्या मनगटांवरून फिरतो आणि पकड तुटते. त्याच्या हाताच्या ताकदीशी आपलं धड झुंजतं, म्हणून बारीक मुलीलाही जमतं. पाठ भिंतीला असतानाही जमतं. मग वरचं कोपर खाली आणत त्याच्या हातांवर, आणि दुसऱ्या हाताचा फटका. आणि हे लक्षात ठेवा: कुणी गळा दाबला असेल तर वळ दिसो न दिसो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोकं दुखणं ही आतल्या इजेची खूण असू शकते आणि ती काही तासांनीही उमटते.

केस धरले तर त्याचाच हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावर गच्च दाबून धरायचा, म्हणजे ओढ टाळूवर बसत नाही, आणि त्याच्या दिशेनं जात गुडघ्यानं मांडीवर किंवा जांघेत. मागून मिठी मारली तर पाय फाकवून वजन खाली, टाचेनं पायाच्या पंजावर.

आणि पडणं. ज्युडोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात, त्याला उकेमी म्हणतात. रस्त्यावरच्या मारामारीत माणसं ठोशानं मरतात त्यापेक्षा ठोसा खाऊन पडताना डोकं डांबरावर किंवा फुटपाथच्या कडेवर आपटून मरतात. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, बूड आधी, दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर जमिनीवर आपटायचे. ही एकच गोष्ट आयुष्यभर पुरते. माझ्या वर्गातल्या साठीच्या एका बाईंना ती न्हाणीघरात कामाला आली.

चाकूबद्दल मुलं हमखास विचारतात, कारण व्हिडिओंत हातातून चाकू काढून घेतात. मी शिकवत नाही. मोबाइल, पाकीट, साखळी लांब एका बाजूला फेकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. फेकण्यामागे हेतू आहे, तो उचलायला वळतो तेवढा वेळ मिळतो.

मुलीच्या रोजच्या वाटेचं सांगते, कारण ती मला पाठ आहे. सयाजीगंज, काळा घोडा, कोठी, रावपुरा, न्यायमंदिर, मग वाडी. कुणी पाठी आहे असं वाटलं तर दोन उजवी वळणं घेऊन बघायचं. तरीही तो मागेच असेल तर घराच्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, शिरायचं नाही. घर दाखवायचं नाही आणि अरुंद जागेत गाडी वळतही नाही. वाटेत रावपुरा पोलीस स्टेशन आहे, एसएसजी हॉस्पिटलचं इमर्जन्सीचं दार रात्रभर उघडं असतं, पेट्रोल पंप आहेत. उजेड आणि माणसं जिथे आहेत तिथे गाडी थेट दारापर्यंत न्यायची आणि हॉर्न दाबून धरायचा. 112 फोनवर पटकन लागेल असा ठेवा. गुजरातेत बायकांसाठी 181 अभयम आहे, तिथे समुपदेशक असतात आणि गाडीही पाठवतात. तोच माणूस दुसऱ्यांदा दिसला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे गुन्हा आहे, तो ‘काही करेपर्यंत’ वाट बघायची गरज नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

मिरचीचा स्प्रे ठेवायचा तर पर्सच्या तळाशी ठेवू नका, तो सापडेपर्यंत सगळं संपतं. क्लासमधून निघताना तो जॅकेटच्या खिशात. एकदा गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून मारून बघायचा आणि डब्यावरची मुदत बघायची.

गरब्याबद्दलही थोडं, आपल्या गावात ते टाळून चालणार नाही. नऊ रात्री आपल्या मुली अनवाणी खेळतात. पार्किंगकडे निघण्याआधी चप्पल पायात, मगच मैदान सोडायचं. अनवाणी पायानं खडीवर कुणी पळू शकत नाही. ओढणी दोन्ही टोकांना पिना लावून घट्ट केलेली असते, निघताना एका टोकाची पिन काढायची, म्हणजे कुणी ओढली तर ओढणी जाईल, मुलगी जाणार नाही. घेराचा घागरा एका हातात गोळा करून धावायचा सराव मी दर सप्टेंबरात करून घेते. आधी मुली लाजतात, मग शर्यत लावतात.

कायद्याचा एक भाग मुलाला नीट समजावून सांगा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. धोका जाणवला की हक्क सुरू होतो, त्यासाठी पहिला फटका खावा लागत नाही. पण धोका आहे तोपर्यंतच तो चालतो, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. समोरचा पडला, पळाला, हात जोडले, की आपला हक्क संपला. त्यानंतर मारलेली लाथ हा आपला गुन्हा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. सुरुवात दुसऱ्यानं केली होती, पण पडलेल्याला मारलेल्या दोन लाथा मोबाइलमध्ये आल्या आणि त्याचं शिक्षणाचं वर्ष फेऱ्यांत गेलं. प्राण जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिडची रास्त भीती असेल तिथे कायदा कलम 38 मध्ये फार मोठी मोकळीक देतो. मुलीला हे ठाऊक असू द्या, म्हणजे ‘जास्त लागलं तर?’ या विचारात तिचा हात अडणार नाही.

आपल्या गावाला लढतीचा जुना इतिहास आहे. खंडेराव महाराजांच्या काळात, 1864 च्या सुमारास, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्याला आला होता. मुठीवर शिंगाची नखं बांधून मल्ल एकमेकांना फाडतात ती कुस्ती त्यानं इथे पाहिली आणि लिहून ठेवली. मुलांना हे ऐकताना स्फुरण चढतं. मी त्यांना विचारते, त्या दोघा मल्लांना आधी काय काय माहीत होतं? समोर कोण आहे, कधी सुरू होणार, कुणाला बघायला बसवलंय. पार्किंगमध्ये यातलं एकही माहीत नसतं. समोरच्याच्या मागे कितीजण आहेत हेही नाही.

आता कराटे, ज्युडो की क्राव मागा. नावावर जाऊ नका, वर्गात जाऊन एक तास बसा. समोरचा सहाध्यायी खरोखर जोर लावतो का ते बघा. जिगोरो कानोंनी 1882 मध्ये ज्युडो सुरू केला तेव्हा त्यातली मोठी गोष्ट हीच होती की जोडीदार मनापासून विरोध करतो आणि तरी दोघं धडधाकट घरी जातात. एकजण हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा आणि दुसरा त्याच्यावर सात हालचाली करतोय, असा वर्ग असेल तर तो कवायतीचा आहे. मुलीच्या वर्गात तिला वजनदार पुरुष जोडीदारासोबतही सराव मिळाला पाहिजे, तिची तयारी झाल्यावर आणि बाईशिक्षक हजर असताना. ‘एकाच फटक्यात कुणालाही लोळवाल’ असं सांगणारा शिक्षक असेल तर फी भरू नका. मुलाला मी ज्युडो किंवा कुस्ती सुचवेन. रोज जोर लावून हरायची सवय झालेला मुलगा रस्त्यावर सिद्ध करायला जात नाही. नाकाचं हाड पूर्ण जुळलंय असं डॉक्टर म्हणेपर्यंत मात्र त्याला अंगावरचा सराव नको.

शेवटी तुमच्यासाठी एक, आईसाठी. असं काही घडून मुलगी घरी आली की ती थरथरेल, रडेल, किंवा एकदम गप्प होईल, कधी उगाच हसेलही. एड्रेनालिन उतरताना शरीर असंच करतं. तिला पाणी द्या, जवळ बसा. ‘एवढ्या उशिरा त्या रस्त्यानं कशाला गेलीस’ हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींनी पहिला प्रसंग घरी सांगितला, हा प्रश्न ऐकला, आणि दुसरा प्रसंग सांगितलाच नाही. मुलाचंही तेच. मागे सरून, हात जोडून, गाडीच्या ओरखड्याचे पैसे देऊन घरी आला तर त्याच्या बाबांनी ‘भिऊन आलास?’ म्हणू नये, एवढं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

वर्ग सुरू व्हायला वेळ आहे, तोवर रविवारी सकाळी दोघांना गच्चीवर न्या. मुलानं मुलीचं मनगट खरोखर घट्ट धरायचं, ती सुटेल आणि जिन्याच्या दाराला हात लावून येईल, दहा वेळा. मग ती त्याच्यावर चालून जाईल, तोंडाला येईल ते बोलेल, आणि तो तळहात पुढे धरून मागे मागे सरेल, तेही दहा वेळा. मग दोघांनी मिळून ‘आघा खसो’ ओरडायचं, समोरच्या वाड्यातली माणसं खिडकीत येईपर्यंत. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.